वाजणारं यंत्र

कमळाकरशेठने काउंटरवर मासा शोधणारी तीन यंत्रं, फिश फाइंडर, मांडली. लखमाला तीन काळे डाग दिसले, त्यापुढे काही नाही. तरी तो मान खाली घालून उभा राहिला, मन लावून पारखत असल्यासारखा.

मुरबाडच्या एसटी स्टँडामागच्या या जाळ्या-दोरांच्या दुकानात तो वर्षानुवर्षं येत होता. तानीला घेऊन आज पहिल्यांदाच आला होता. आला कसला, बायकोनेच त्याला आणलं होतं. आणि ही पाळी त्याने स्वतःच स्वतःवर ओढवून घेतली होती.

बारवी धरणाच्या पाण्यावर नुसती नजर टाकून मासा कुठे आहे ते सांगणारा, असं लखमाचं नाव होतं. पाणी कुठे किंचित गढुळलं, कुठे बुडबुड्यांची रांग उठली, की तो तिथेच जाळं सोडायचा. मग डोळे गेले. आधी उजवा गेला, मागोमाग डावाही धुरकटत चालला. जाळी पाण्यातल्या खुंटांना अडकून फाटायला लागली, टोपली रिकामी घरी यायला लागली. पावसाळा सरल्यावर मच्छीमार सोसायटीचं काम आहे असं सांगून तो कल्याणला डॉक्टरकडे जाऊन आला. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे. गेलेली नजर आता परत यायची नाही, उरलीय ती टिकवायला औषध घालत राहा. औषधाची बाटली त्याने होडीतल्या फळीखाली लपवली. मासा का मिळत नाही असं तानीने विचारलं, तेव्हा म्हणाला, मासा खोल गेलाय गो, वरून दिसत नाय.

तानीने खळखळ केली नाही. खोलातला मासा दाखवणारं यंत्र असतं, असं ती कुठूनसं ऐकून आली. बचत गटातून पैसे उचलले आणि त्याला दुकानात आणून उभं केलं. नको म्हणायला त्याला तोंडच नव्हतं.

सोसायटीला कळलं तर होडी दुसऱ्या कुणाला देतील, ही भीती होतीच. तेही एक वेळ त्याने सोसलं असतं. पण पाण्यावरचा लखमा म्हणून जिने त्याच्याशी संसार केला, तिच्यापुढे उंबऱ्यावर बसून भाकरीची वाट बघणारा आंधळा व्हायचं, हे त्याला सोसणारं नव्हतं. अलीकडे होडी मधोमध नेऊन तो नुसताच बसून राहायचा. कधीकधी वाटायचं, इथेच कलंडली तर बरं.

शेठ एकेक यंत्र समजावून सांगत होता. दोरीला बांधलेला गोळा पाण्यात सोडायचा, खालून मासा गेला की पडद्यावर दिसतो. एक मोबाइलवर चालणारं होतं. दुसऱ्याचा पडदा मोठा आणि रंगीत, मासा केवढा तेही कळायचं, पण ते त्यांच्या ऐपतीबाहेर जात होतं. तिसरं साधं, काळं-पांढरं, तिन्हींत स्वस्त. लखमा प्रत्येक वाक्याला हं म्हणत होता. सदरा पाठीला चिकटला होता. तानी मात्र प्रत्येक यंत्राबद्दल एकच विचारत होती, हे वाजतं का. शेठ हसून म्हणाला की वहिनींना हे म्हसा गावच्या जत्रेतलं खेळणं वाटतंय. लखमाला तिची लाज वाटली. पण तेवढा वेळ शेठचं लक्ष आपल्यावरून हटलं, म्हणून जीवही भांड्यात पडला.

तेवढ्यात शेठने रंगीत यंत्र उचलून त्याच्या हातात दिलं. दुकानात बसून बघता यावेत म्हणून यात खोटे मासे फिरतात, म्हणाला.

"बघा, किती दिसतायत?"

लखमाने यंत्र डोळ्यांपाशी नेलं. मग जरा लांब धरलं. समोर नुसता काळोख होता. गप्प राहणं जास्तच वाईट दिसलं असतं.

"पाच-सहा हायत," तो म्हणाला. "एक मोठा हाय."

शेठने वाकून पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "लखमादादा, हे चालूच नाय झालं. बॅटरी उलटी बसलीय."

लखमाने यंत्र झटकन खाली घेतलं. यंत्र काउंटरवर ठेवायला गेला, तर काठ हुकला. यंत्र खाली पडलं नाही. तानीचा हात आधीच तिथे होता.

तिने ते शेठला परत दिलं आणि तिसरं यंत्र चालू करून वाजवून दाखवायला सांगितलं. शेठने बटण दाबलं. बारीक, तीक्ष्ण आवाज आला; मासा खालून गेला की असंच वाजतं, म्हणाला. ते यंत्र तिने लखमाच्या कानाशी नेलं, ऐकू येतं का विचारलं. त्याने मान हलवली.

"हेच द्या," ती शेठला म्हणाली. "पडदा मी बघन. उद्यापासून मी होडीत बसते."

शेठ खोका आणायला आत गेला. लखमा काउंटरचा काठ धरून उभा होता. तिला कधीपासून ठाऊक आहे, हे त्याने हळूच विचारलं. आत्ताच कळलं, असं तिने म्हणावं, एवढीच त्याची इच्छा होती.

"तुमी सोसायटीच्या कामाला म्हनून गेलता, त्या दिसापासून," तानी म्हणाली. "येताना जीपमदी तुमच्या समोरच्या बाकावर मीच होते. तुमी मला म्हनलात, बाय, जरा पाय सरकव. मी सरकवले."