यादीतली तिसरी ओळ

पैठणी विणणारे रंगनाथअण्णा आज जागेच होईनात. अर्धांगवायूनंतर मेंदूत बसवलेली नवी प्रणाली सुरू केली, की त्यांचा हात चाले, पण पैठणीवरचा मोर ठाऊक नसे. जुना मेंदू सुरू केला, की मोर आठवे, पण हात हलत नसे. आज दोन्ही अडकले होते.

तंत्रज्ञ इरावतीने दोन्हींपैकी काय सुरू करायचं ते निवडायची यादी दुरुस्त केली आणि ती थबकली. "ताई, इथे तिसरी ओळ आहे. आम्ही बसवलेली नाही ही."

"तीच लावा," अण्णांची मुलगी कुसुम म्हणाली.

अण्णा उठले, थेट मागावर बसले आणि लुळ्या हाताने मोराचा डोळा भरू लागले.

"अण्णा, हाताला हे कुणी शिकवलं?"

"मीच. रोज मेंदू बदलताना मी आणि तो नवा क्षणभर भेटायचो. तेवढ्यात एकेक धागा दाखवायचो त्याला. तीन वर्षं लागली गं एका मोराला."