जुन्या किल्लारीची चौकशी

गोदावरी लातूरच्या एका कोचिंग क्लासच्या इंटरनेटवरच्या जाहिराती सांभाळायची. क्लासची वेबसाइट बदलली, तेव्हापासून जाहिरातीवर क्लिक करणारा आधी जुन्या पानावर जाई आणि तिथून नव्या पानावर वळवला जाई. त्या वळणावर एक गोष्ट गळून पडे: त्यानं काय शोधलं होतं, ते.

त्याच आठवड्यात रोज दुपारी एक चौकशीअर्ज येऊ लागला. नाव कोरं, फोन कोरा. फक्त गाव भरलेलं: जुनी किल्लारी.

"कुनीतरी मस्करी करून राहिलंय, मॅडम," वेबसाइटचं काम बघणारा अकरम म्हणाला.

गोदावरी हसली नाही. भूकंपानंतर गाव दुसरीकडं वसलं; जुन्या जागी नुसत्या बाभळी उरल्या होत्या. दहा वर्षांची असताना ती दोन दिवसांसाठी लातूरला मावशीकडं आली, म्हणून वाचली. आई, बाबा, धाकटा भाऊ, कुणीच राहिलं नाही. ती परत कधी तिकडं गेली नव्हती.

"अकरम, ते वळण काढून टाक. जाहिरात सरळ नव्या पानाला जोड."

अकरमनं जोडली. दुसऱ्या दिवशी अर्ज आला, आणि या वेळी शोधलेले शब्दही सोबत आले.

"या शब्दांवर तर आपली जाहिरात दिसायलाच नको," अकरम पुटपुटला आणि त्यानं स्क्रीन तिच्याकडं फिरवली.

'गोदी लातूरहून कधी येनार'

"मॅडम, ही गोदी कोन?"

पंचवीस वर्षांत तिला त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती.