मोकळं झालेलं मलम

"आजी, सुटलात तुम्ही," औषधवाल्याने दवाखान्याकडे निघालेल्या आजींना हाक मारून गुडघ्याच्या मलमाची ट्यूब काउंटरवर ठेवली. "सरकारने हे मलम मोकळं केलं. आता डॉक्टरांची चिठ्ठी लागणार नाही, की दवाखान्याच्या बाकावर ताटकळणं नाही."

आजींचा चेहरा उतरला. दवाखान्याचा दिवस म्हणून तर आज ठेवणीतली शाल निघाली होती. त्या बाकावर शेजारी एक म्हातारे घड्याळजी बसायचे, गुडघेदुखीतले आणि त्याच मलमातलेही आजींचे सोबती. गप्पा अशा रंगायच्या की नंबर आला तरी "आधी तुम्ही जा" म्हणत दोघंही जागची हलायची नाहीत. घरी सुनेला सांगायला दवाखान्याइतकं सोज्वळ निमित्त दुसरं नव्हतं.

आजींनी ट्यूब हळूच मागे सरकवली. "काय रे बाबा, अजून चिठ्ठी लागते असं गुडघ्याचं एखादं औषध उरलंय का?"

औषधवाल्याने ओठांवर आलेलं हसू गिळलं.

"सकाळी घड्याळजीही हेच विचारत आले. शोधून सांगतो म्हटलं, तर तेव्हापासून दुकानामागच्या बाकावर बसलेत. तुम्हीही बसा, मला शोधायला जरा वेळ लागेल."