बाबांची सही

आमोसीने दारात बूट काढले. आतूनच बिबियानेचा आवाज आला, "या बाबा, बसा. सूप गरम आहे."

ती सत्तरीची, तो चौतिशीचा. तिचे वडील गेले त्याच महिन्यात हा जन्मला, म्हणून त्यांचं नाव याला मिळालं. नाव आलं की माणूस परत आला, असंच ग्रीनलंडच्या या किनाऱ्यावर धरून चालतात. लहानपणी तोही तिला ऐटीत 'पोरी' म्हणून हाक मारायचा, आणि ती त्याच्या वाटीत सीलचं मांस जास्त घालायची.

आज त्याच्या जॅकेटवर ग्रीनलंडचा लाल-पांढरा झेंडा होता आणि हातात राजधानीतून आणलेला सरकारी कागद.

"बिबियानेबाई, खाणीचा रस्ता धक्क्यापर्यंत न्यायचाय. मधे कबरस्तान येतं. सगळ्यांच्या सह्या झाल्या, तुमचीच राहिलीय."

"बाई?" तिने सुपाची वाटी त्याच्यापुढे ठेवली आणि पळी पातेल्यात आपटली. "बरं. खाणीतून काय काढणार?"

"पवनचक्क्यांना लागणारे धातू. विजेच्या मोटारींनाही. जग स्वच्छ होईल आणि ग्रीनलंडला डेन्मार्कपुढे हात पसरावा लागणार नाही. आपला देश, बाई! स्वतःचा!"

"मोटारी बाहेरच्या देशांच्या. स्वच्छ हवाही त्यांचीच. आपल्याला काय? खाणीची धूळ आणि तुमच्या छातीवरचा झेंडा! आजवर डेन्मार्कचे पाय धरले, आता खाणवाल्यांचे धरायचे. याला देश म्हणायचं?"

"कबरी नीट हलवू. एकेक दगड मोजून."

"ते दगड मी वाहिलेत! इथे खड्डा खणता येत नाही, नुसता कातळ. दोन दिवस पाठीवर दगड वाहिले, तेव्हा बाबा झाकले गेले."

त्याने कागद पुढे सरकवला. तिने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं, "मयताचं नाव, आमोसी. अधिकाऱ्याचं नाव, आमोसी. वारसाची सही..."

तिथे कोरी जागा होती. तिने पेन त्याच्या वाटीशेजारी ठेवलं.

"माझी सही कशाला? कबर तुमची, सहीही तुमचीच. करा, बाबा."

सुपातला भात फुगत चालला होता.

"पोरी, समजून घे गं," तो हळूच म्हणाला, आणि त्याने पेन उचललं.

बिबियानेने त्याच्यासमोरची वाटी उचलली. सूप पातेल्यात परत ओतलं.

"बूट दाराशी आहेत, साहेब."