मनधरणी

नाटकाच्या निवडीला घालायचा सदरा सापडेना, म्हणून इंद्रजीतने दीपिकाचं डोकं कपाटावर आपटलं. केसांतलं रक्त धुऊन, डोक्यावरून पदर घेऊन ती त्याच्यामागे बोईसरच्या हॉलवर गेली. तिथे कारखान्यातली मंडळी एक जुनं संगीत नाटक पुन्हा उभं करत होती आणि नायक हवा होता.

नायिका आली नव्हती. दिग्दर्शक नागोराव म्हणाले, "वहिनी, तुम्हीच उभ्या राहा जरा. रुसलेल्या बायकोची नायक मनधरणी करतो, असा प्रवेश आहे."

इंद्रजीतने तिचे पाय धरले आणि इतक्या आर्त आवाजात पद म्हटलं की पेटीवाल्यानेही डोळे पुसले. त्याची आसवं तिच्या पावलांवर गळत होती. तिच्या डोक्यात मात्र घणाचे घाव बसत होते.

"सापडला आपला नायक!" नागोराव गहिवरून म्हणाले. "वहिनी, आता त्याला क्षमा करा. हात देऊन उठवा."

दीपिकाने पाय सोडवून घेतले.



"घरी मारून झालं की हा असाच रडतो, आणि दर वेळी मीच उठवते. आज नाही उठवणार."