खडकावरची आई

ओहोटी. हॉटेलच्या गच्चीवर वाळत घातलेले टॉवेल. खडकावर एक उशी, पाहुण्यांच्या बाजूने दिसणार नाही अशी सरकवलेली. कुठेतरी कुकरची शिट्टी. मीठ.

मिठावरूनच गावाला नाव पडलं होतं. पण मीठ बघायला कोण कशाला येतंय? म्हणून हॉटेलमालकाने त्याच नावामागे नवी कथा बसवली: समुद्रावर गेलेल्या मुलाची वाट बघत एक आई जन्मभर खडकावर बसून राहिली, गावाचं नाव तिच्यावरून. कथा चालली. मग त्याने खडकावर बसायला एक बाईच ठेवली.

पाहुण्यांना किनारा दाखवत जी मुलगी ही कथा सांगायची, तिचीच ही बाई सख्खी आई. पाहुण्यांसमोर ओळख दाखवायची नाही, अशी ताकीद मुलीने पहिल्याच दिवशी दिली होती. आईने मान डोलावली होती.

आजच्या घोळक्यात एक चष्मा लावलेल्या बाई होत्या. फोटो काढून झाल्यावर त्यांनी खडकाकडे पाहिलं, मग मुलीकडे. म्हणाल्या, अगं, तुझं नाक थेट हिच्यावर गेलंय की.

"लहान गाव आहे, काकू," मुलगी हसली. "इथे सगळ्यांची नाकं एकाच साच्यातली."

सगळे हसले. बाईंचं काही समाधान होईना. त्यांनी विचारलं, कथा राहू दे, पण हिला खरंच कोणी आहे की नाही?

"नाही. कोणी नाही तिला."

वाऱ्याने आईच्या डोक्यावरची शाल घसरली. तिने ती सावरली नाही.

"एक लेक होती," ती समुद्राकडे बघत म्हणाली.

मुलगी पटकन पुढे झाली.

"मुलगा," ती घाईघाईने म्हणाली. "कथेत मुलगा आहे."

आईने वळून पाहिलं. ठरल्याप्रमाणे, परक्यासारखं.

"हो, ताई. मुलगाच. वय झालं, चुकतं माझं."

चष्म्याच्या बाईंनी डोळे टिपले. काय जीव ओतते हो ही, असं म्हणत त्या टाळ्या वाजवायला लागल्या. मग बाकीच्यांनीही वाजवल्या. मुलीनेही.

सकाळी तिची वेणी आईनेच घातली होती.