अडलेली तबकडी

मार्लिसने दांडा खाली ओढला, वर सोडला. सवयीने हात लगेच दुसऱ्यांदा चालला आणि मगच तिच्या लक्षात आलं, की काडतुसं भरायच्या यंत्राची तबकडी हललीच नाही.

तिने विजेरी उचलून पाहिलं. दांडा ओढला की वरच्या डब्यातून पितळेच्या नळकांड्यात बंदुकीची दारू पडायची, तबकडी एक घर पुढे सरकायची, त्या नळकांड्यावर शिशाची गोळी ठेवायची. आता तेच नळकांडं जागेवर उभं होतं आणि त्यात दारू दुप्पट झाली होती. सांडली मात्र नव्हती. बापाची रायफल त्याच्या आजोबांच्या वेळची, तिचं काडतूस लांबलचक आणि तिला झेपणारी दारू थोडीशीच. दुप्पट सहज मावत होती.

यंत्र तिने गावातल्या एका मयत माणसाच्या सामानातून आणलं होतं. त्या रायफलीची काडतुसं दुकानात मिळेनाशी झाली, म्हणून. गंज रॉकेलने काढला, वाकडी कांडी सरळ केली, आत अडकून बसलेलं एक नळकांडं ठोकून सोडवलं. बाप म्हणाला होता, "तुझ्या आईने नवरा म्हणून मला असंच गंजलेलं उचललं होतं."

तिने तबकडीखालचा खटका बोटाने दाबला. तो परत वर आला नाही. जुनं ग्रीस थंडीने मेणासारखं घट्ट झालं होतं. हीटर लावला असता, तर कदाचित कधी कळलंही नसतं.

आणि परवा शेवटची काडतुसं भरताना हीटरचा गॅस संपला होता. तेव्हा एकदा ती गोळी ठेवायला गेली, तर नळकांड्यावर गोळी आधीच होती. आपणच ठेवून विसरलो, असं वाटून ती हसली होती. म्हणजे तेव्हाही तबकडी अडली होती, आणि एका काडतुसात दारू दुप्पट पडली होती.

तीच काडतुसं खिशात घालून बाप पहाटे डोंगरावर गेला होता. शिकारीच्या मोसमाचा आज शेवटचा दिवस.

मार्लिसने कोटसुद्धा न घेता आपली गाडी काढली.

खिंडीखालच्या फाटकाशी बापाची गाडी उभी होती. बर्फात त्याच्या बुटांचे ठसे वर गेले होते. वर, उतारावर, पडलेल्या झाडापाशी त्याच्या जाकिटाचा केशरी ठिपका दिसत होता. फोन इथे लागत नाही. हाका मारून उपयोग नाही. बापाला, ऑर्व्हिलला, एका कानाने मुळीच ऐकू येत नव्हतं, दुसऱ्याने आलं तर आलं. आणि चढून पोचायचं म्हणजे अर्धा तास तरी.

त्याला ऐकू येत नाही, पण तो टिपायला गेलेल्या एल्क हरणांना येतं. मारायला समोर काही उरलंच नाही, तर तो बंदूक उडवेल कशाला? तिने आपल्या गाडीचा हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला.

खालच्या पाइनच्या दाटीतून कळप उसळला. माद्या, मागे एक तरणा नर. क्षणभर ते थबकले आणि आवाजापासून लांब पळत सुटले. सरळ वर. केशरी ठिपक्याच्या दिशेने.

"नाही, नाही! इकडे या! इकडे, मेल्यांनो!" ती गाडीबाहेर पडून हात हलवत ओरडली.

बार झाला.

तिला वर बघवेना. मग बघितलं. ठिपका उभा होता. नर अर्ध्या उतारावरच मागच्या पायांवर कोसळला होता, पुढच्या पायांनी स्वतःला ओढत होता. त्याला तसा तडफडत बाप ठेवायचा नाही. दुसरी गोळी घालणार.

ती धावली. गुडघाभर बर्फात पडली, उठली. "बाबा, थांबा! उडवू नका!" शब्द तोंडातून निघत होते की नुसताच श्वास, तिचं तिलाच कळत नव्हतं. ऑर्व्हिल सावकाश उतरत होता. सत्तरी उलटलेला माणूस, बर्फात पाय जपून टाकत होता. तेवढ्यानेच तिला वेळ मिळाला. तो नरापाशी आला, त्याने रायफल खांद्याला लावली, गाल टेकवला.

मार्लिसने नळी धरली आणि आकाशाकडे ढकलली.

"अगं! भरलीये ती! वेड लागलंय का तुला?"

तिने रायफल हिसकावून घेतली, खालची कडी पुढे-मागे केली. काडतुसं एकेक करून बर्फात पडली.

"माझी चूक झाली, बाबा. दारू दोनदा पडलीये. यातल्या कुठल्यातरी..."

"काय? मोठ्याने बोल."

"फुटली असती! तुमच्या तोंडावर!"

"हो गं, सुटला असता, पण मागचे पाय गेलेत त्याचे. बघवत नाही. दे इकडे."

तो काडतूस उचलायला वाकला. तिने पुढे होऊन सगळी बुटाखाली बर्फात दाबली. मग त्याच्या कमरेचा सुरा काढला. आजवर तिने कोंबडीही कापली नव्हती. नराची मान अजून वर होती, नाकातून वाफ येत होती.

"कानामागून, खाली," बाप हळूच म्हणाला. "एकदाच. जोरात."

तिने डोळे मिटले नाहीत.

नंतर ती बर्फात बसली आणि तिला हुंदके आवरेनात. कोपरापर्यंत हात लाल, दात वाजत होते. ती पुन्हा पुन्हा तेच सांगत होती, त्याच्या चांगल्या कानाकडे वळून, तुटक तुटक. ऑर्व्हिलने आपलं जाकीट काढून तिच्या खांद्यांवर टाकलं, शेजारी टेकला आणि तिच्या पाठीवरून जड हात फिरवत राहिला.

"रडून घे," तो म्हणाला. "पहिल्या वेळी सगळ्यांनाच असं होतं, पोरी."